साबळे सरांची हरकत

सासऱ्यांविरुद्ध केस लढवायची वेळ कुणावर येऊ नये, आणि आलीच तर ते सासरे निवृत्त पीटी शिक्षक नसावेत. माझ्यावर दोन्ही संकटं एकदम आली. बाररूममध्ये दुसरा विषयच उरला नव्हता. "काय मृणाल, घरी जेवायला वाढतात ना?" असं विचारत लोक माझ्याच डब्यातली भाजी संपवत होते.

आप्पा म्हणजे हणमंत साबळे. साताऱ्यातल्या एका शाळेत त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या पोरांना खो-खो शिकवला. निवृत्त झाल्यावर वर्षा-दोन वर्षांत कंपवाताने त्यांना गाठलं. आधी उजवा हात थरथरायला लागला, मग पाऊल जमिनीला चिकटायला लागलं. खोलीतून बाहेर पडताना उंबऱ्यापाशी त्यांचा पुतळा व्हायचा. माझा नवरा तन्मय त्यांना हाताला धरून न्हाणीघरापर्यंत न्यायचा, आणि बापलेक एकमेकांकडे बघायचं टाळायचे.

मग 'सुगती' आलं. नाव ऐकून आप्पा म्हणाले होते, "मेल्यावर मिळती ती ना? ॲडव्हान्समध्ये देत्यात व्हय?"

मेंदूच्या तळाशी हालचालींची व्यवस्था बघणाऱ्या पेशींचे छोटे पुंजके असतात. निरोगी माणसात या पेशी बाजारातल्या लोकांसारख्या आपापल्या वेळी, आपापलं बोलतात. कंपवातात त्या सगळ्या एकाच ठेक्यात अडकतात आणि त्या कलकलाटात 'पाय उचल' हा साधा निरोप पोचत नाही. सुगतीची केसाएवढी तार त्या पुंजक्यात बसवतात. ती ठेका ऐकते आणि नेमक्या क्षणी विजेची बारीक टिचकी मारून तो मोडते. पण प्रत्येक मेंदूचा ठेका वेगळा, शिवाय आजार वाढतो तसा तो बदलतही राहतो. म्हणून प्रत्येक रुग्णाचा एक नकाशा कंपनीच्या सर्व्हरवर असायचा. तो रोज सुधारला जायचा आणि छातीत कातडीखाली बसवलेल्या डबीकडे पाठवला जायचा. आप्पांचा नकाशा अशी सहा वर्षं घडत आला होता. त्याच्या जिवावर ते एकटे मंडईत जाऊन कोथिंबिरीवरून भांडून यायचे.

नकाशा यायचा थांबला, की डबी जुन्याच अंदाजाने टिचक्या मारत राहते आणि मेंदू पुढे निघून जातो. आधी बोटं जातात, मग पावलं, आणि शेवटी घास गिळणं.

त्या मार्चमध्ये नकाशे यायचे थांबले. चोर कंपनीच्या सर्व्हरमध्ये शिरले होते. त्यांनी काहीच नेलं नाही, फक्त सगळ्या नकाशांना कुलूप घातलं आणि किल्ली स्वतःजवळ ठेवली. राखीव प्रतीही त्याच जाळ्यात ठेवल्या होत्या, त्यामुळे त्यांनाही तेच कुलूप बसलं. असलं कुलूप फोडायचं म्हटलं तर जगातली सगळी यंत्रं जुंपूनही जन्म पुरत नाही. खंडणी द्या, किल्ली घ्या. नाही दिलीत तर पुढच्या महिन्याच्या पहिल्या सोमवारी नकाशे पुसून टाकू, असा निरोप होता. निरोपाखाली एक ओळ होती: 'आपल्या कायद्याच्या कलम नऊनुसार परवानगी मिळू शकते. त्वरित अर्ज करावा.'

चोरांनी आपल्याला कायदा शिकवावा, इथवर मजल गेली होती. त्याला कारणही आमचा कायदाच होता. पाच वर्षांपूर्वी डिजिटल खंडणी घेण्याइतकंच देणंही गुन्हा ठरलं. बँका, गिरण्या, नगरपालिका यांना पैसे देताच येईनात, तेव्हा चोरांनी त्यांचा नाद सोडला. कायदा चांगलाच होता. पण त्यात दयेपोटी एक कलम घातलं होतं: माणसाच्या जिवाला तातडीचा धोका असेल आणि दुसरा मार्गच नसेल, तर न्यायाधिकरण खंडणी भरायची परवानगी देऊ शकेल. हेच ते कलम नऊ. त्यानंतर चोरांनी डायलिसिसची केंद्रं धरली, मग हृदयाचे पेसमेकर धरले, आणि आता मेंदू. परवानगी दर वेळी मिळत गेली. 'जिवाचा प्रश्न आहे' म्हटल्यावर नाही म्हणणारा न्यायाधीश कुठून आणायचा?

जिल्ह्यातल्या सुगती रुग्णसंघाने मला वकीलपत्र दिलं आणि मी कलम नऊखाली अर्ज टाकला. आप्पांच्या नावापुढे तन्मयने सही केली. आप्पांना विचारायचं आमच्यापैकी कुणालाच सुचलं नाही.

त्यांना ते दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी कळलं. तोवर त्यांची बोटं जायला लागली होती. बशी दोन्ही हातांनी धरून ते म्हणाले, "अर्जात काय लिवलंयस, वाचून दाखव."

मी वाचलं. 'दुसरा कोणताही मार्ग उपलब्ध नाही' या वाक्यावर त्यांनी मला थांबवलं.

"खरंच न्हाई?"

"एक आहे. पुनर्पाठ म्हणतात त्याला. डबी पूर्ण बंद करायची, मेंदूचा मूळ ठेका यंत्राला परत ऐकवायचा आणि नकाशा पहिल्यापासून घडवायचा. तीन-चार आठवडे लागतात. तेवढा काळ डबीशिवाय काढायचा. कंपनी म्हणते, रुग्णांना ते झेपणार नाही."

"कंपनीला त्यात खर्च किती?"

"खंडणीपेक्षा जास्त," मी म्हणाले.

"मग बरोबरच हाय. आमाला कशाला झेपंल?" ते हसले. चेहऱ्याचे स्नायू आखडायला लागले होते, त्यामुळे हसू फक्त डोळ्यांत दिसलं. "मृणाल, धावणारा गडी कुठं पळतो? मोकळी जागा दिसंल तिथं. तुमी नऊ नंबरची जागा मोकळी सोडलीया. उद्या पोरांच्या कानातली यंत्रं धरतील."

"आप्पा, हे सगळ्यांना ठाऊक आहे. अग्रलेख येऊन गेले त्याच्यावर. पण जागा बंद करायची तर तिथे कुणाला तरी उभं राहावं लागतं."

बोलून गेले आणि जीभ चावली. आप्पांनी बशी खाली ठेवायला बराच वेळ घेतला.

"मी ऱ्हातो की उभा," ते म्हणाले.

तन्मय चिडला, ओरडला, शेवटी रडला. "सोमवारपर्यंत किल्ली मिळाली तर तुम्ही होता तसे व्हाल, आप्पा! कुणासाठी करताय हे?" आप्पा त्याच्या पाठीवर थरथरता हात फिरवत राहिले, पण आपल्या नावापुढची सही मागे घेतली ती घेतलीच. दुसऱ्या दिवशी न्यायाधिकरणाकडे हरकतदार म्हणून त्यांचं नाव लागलं. वकील त्यांनी केला नाही. "एक हाय घरात, पण ती पलीकडच्या संघात खेळतीय," असं त्यांनी कारकुनाला सांगितलं.

त्या दिवसापासून घरात दोन संघ झाले. मी केसचं काही विचारलं की उत्तर ठरलेलं असायचं, "समोरच्याला डाव सांगत नसत्यात." डाव मात्र सगळ्या सोसायटीला दिसत होता. आप्पांनी पार्किंगमध्ये फक्कीने पांढऱ्या रेघा मारून घेतल्या होत्या, पावलापावलावर एक. पलीकडे प्लॅस्टिकच्या खुर्च्यांची रांग. त्यावर गावातले आणखी काही सुगतीवाले एकाआड एक तोंडं करून बसायचे. सरावापुरती सगळ्यांनी डबी बंद करून घेतलेली. सोसायटीचे सेक्रेटरी गाड्या लावायला जागा नाही म्हणून भांडायला खाली गेले आणि अर्ध्या तासाने रुग्णांना पाणी देत होते.

आप्पांच्या डॉक्टर शाहीन मुल्ला रोज येऊन उभ्या राहायच्या. मी त्यांना रागानेच विचारलं, "हा काय प्रकार आहे? औषध की सर्कस?"

"दोन्ही नाही. हे आमच्या पुस्तकात फार जुनं आहे," त्या म्हणाल्या. "आपण सवयीने चालतो तेव्हा निरोप मेंदूच्या तळातून जातो. तो रस्ता यांचा बंद पडलाय. पण समोर रेघ असेल आणि ती ओलांडायची म्हणून पाऊल टाकलं, तर निरोप वरच्या, जाणत्या मेंदूतून फिरून येतो. तो रस्ता अजून चांगला आहे. रेघेने होतं, मोजण्याने होतं, कुणी पाठीवर हात ठेवला तरी होतं. त्रासाचं आहे, दमवणारं आहे, आणि माणूस पडतोही."

पडत होतेच. आप्पा माझ्या डोळ्यांसमोर दोनदा पडले. बाल्कनीतून धावत जावंसं वाटायचं आणि त्यांनी खाली न येण्याची शपथ घातलेली असल्यामुळे कठडा धरून उभी राहायचे. ते उठायचे, रेघेपाशी थांबायचे. मागच्या खुर्चीतला कुणीतरी वाकून त्यांच्या पाठीला हात लावायचा आणि मोठ्याने म्हणायचा, "खो!" आणि ते पाऊल सुटायचं. मी लढायला बसले होते या माणसाविरुद्ध, आणि रोज खिडकीतून त्याच्यासाठी टाळ्या वाजवाव्याशा वाटत होत्या. असल्या मनःस्थितीत कुणी अर्जाची तयारी करून दाखवावी.

पण माझी बाजूही पोकळ नव्हती. माझ्या अर्जाचा सगळा भार इंदूकाकूंवर होता. इंदुमती जगदाळे, एसटीतल्या निवृत्त कंडक्टर. भरलेल्या गाडीत मागच्या बाकड्यापर्यंत जाणारा त्यांचा आवाज आता कुजबुजीइतका उरला होता, आणि नकाशे बंद झाल्यापासून त्यांना पाणीसुद्धा नीट गिळता येत नव्हतं. रेघांनी पाय सुटतो. घसा सुटत नाही. आप्पांच्या शौर्यापायी या बाईने गुदमरून मरायचं का, हा माझा सवाल होता.

सुनावणीच्या दिवशी न्यायाधिकरणाचं दालन गच्च भरलं. अध्यक्ष वसुधाताई आठल्ये. मी उभी राहून नातं सांगितलं. त्यांनी चष्म्यावरून आप्पांकडे पाहिलं.

"साबळे, सूनबाईंनी समोरची बाजू मांडायला तुमची हरकत आहे?"

"न्हाई. घरात ती माझं ऐकत न्हाई, इथं ऐकायला लागंल."

हशा पिकला. मग मी बोलले, आणि चांगलं बोलले. कंपनीचे वकील दिवाण माझ्या बाजूने उभे राहिले, तेव्हा मला जरा कसंतरीच झालं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की डबीशिवाय हे रुग्ण दोन पावलंही टाकू शकत नाहीत, तेव्हा पुनर्पाठ हा कागदावरचा मार्ग आहे.

आप्पांनी हात वर केला. "बाईसाहेब, माझी डबी बंद करायला सांगा. इथून त्या साक्षीच्या पिंजऱ्यापर्यंत चालतो. मग ठरवा, कागदावरचा हाय का जमिनीवरचा."

डॉक्टर मुल्लांनी छातीवर यंत्र धरलं आणि डबी बंद केली. क्षणभर काही झालं नाही. मग उजव्या हाताचा थरथराट खांद्यापर्यंत चढला, मान पुढे आली, आणि गेली सहा वर्षं इतक्या जवळून न दिसलेला म्हातारा आमच्यासमोर उभा राहिला. तन्मयने तोंड फिरवलं.

आप्पा फरशीच्या जोडांकडे बघत चालायला लागले. एक जोड, दुसरा जोड. ओठांवर आकडे. अर्धं दालन पार झालं, आणि तिथे जुनी फरशी संपून गुळगुळीत नवी सुरू होत होती. तिला जोडच दिसत नव्हता. आप्पा थांबले. पाय थरथरत होते, पण सुटत नव्हते. ते पुढे झुकले, सावरले, पुन्हा झुकले.

"बघावं न्यायाधिकरणाने," दिवाण हळू आवाजात म्हणाले.

आप्पांच्या बाजूचे सगळे लोक मागे बाकांवर होते, लांब. आप्पांच्या पाठीमागे हाताच्या अंतरावर एकटी मी बसले होते.

त्या वेळी काही सुचलं नाही, हात आपोआप गेला, असं सांगणं सोयीचं आहे. मला सगळं सुचलं होतं. हे नाही चालले तर मी जिंकते. सोमवारी किल्ली येते. आप्पांची बोटं, पावलं परत येतात. हे चालले तर माझा अर्ज गेला. पण तो माणूस तिथे उभा होता, आणि त्याची पाठ माझ्याकडे होती. त्या पाठीइतकं सरळ मी आयुष्यात काही पाहिलेलं नाही, वाकली होती तरी. मी उठले, पाठीवर हात टेकवला आणि घशाच्या तळापासून ओरडले, "खो!"

आप्पांचं पाऊल सुटलं. मग दुसरं. ते पिंजऱ्यापर्यंत गेले आणि कठडा धरून वळले.

"हरकत आहे!" दिवाण उसळले. "मदत घेतली! शिवाय अर्जदाराच्या वकिलांनीच..."

"खो बाहेरूनच मिळतो, साहेब," आप्पा धापा टाकत म्हणाले. "सोताचा सोताला कुणी देत नसतंय."

आठल्येबाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, "वकीलबाई, तुमच्या अर्जाचं काय राहिलं?"

"इंदुमती जगदाळे," मी म्हणाले. तो मुद्दा मला सोडता येत नव्हता. "साबळे सर चालले. त्यांचं मोठेपण मान्य. पण माझ्या अशील गिळू शकत नाहीत. त्यांच्यासाठी दुसरा मार्ग कुणी दाखवला नाही."

"त्यांनाच विचारू."

इंदूकाकू चाकाच्या खुर्चीत होत्या. त्यांचं बोलणं अध्यक्षांपर्यंत पोचेना, म्हणून मला त्यांच्या तोंडाशी कान नेऊन मोठ्याने सांगायला लावलं. मी वाकले. त्यांनी एकेक शब्द जुळवला. मी सरळ उभी राहिले आणि माझ्या अशिलाचं म्हणणं जसंच्या तसं न्यायाधिकरणापुढे मांडलं.

"त्या म्हणतात, नाकातनं नळी घाला, चालंल. तीन आठवडे भाकरी न्हाई खाल्ली तर मरत न्हाई मी. पर माझं नाव सांगून चोराला पैसे देऊ नका. उद्या तो दुसऱ्या बाईचा गळा धरंल, आन्‌ ती मला ओळखतसुदीक नसंल."

मी खाली बसले आणि उघडपणे रडले. बाररूममध्ये त्यावरून पुढे पुष्कळ चेष्टा झाली, होवो.

आदेश त्याच दिवशी आला. परवानगी नाकारली. कंपनीने सर्व रुग्णांचा पुनर्पाठ स्वखर्चाने करावा, गिळण्याचा त्रास असणाऱ्यांना अतिदक्षता विभागात ठेवून आधी घ्यावं, राखीव प्रती एकाच जाळ्यात का ठेवल्या त्याचा खुलासा करावा. सोमवारी चोरांनी बोलल्याप्रमाणे नकाशे पुसले. त्या संध्याकाळी आप्पा पार्किंगमध्ये होते आणि बाकीच्यांना ओरडत होते, "मान वर! रेघ बघायची, रडायचं न्हाई!"

गोष्ट इथे गोड करून संपवता आली असती. पण पुनर्पाठाची यंत्रं थोडी होती आणि रुग्ण पुष्कळ. इंदूकाकूंना मध्ये न्यूमोनिया झाला. वाचल्या, आता भाकरीही खातात. आप्पांनी आपला नंबर मागे नेला, मग आणखी मागे नेला, आणि आम्ही भांडूनही शेवटचाच घेतला. तोवर उशीर झाला होता. नव्या नकाशाने पावलं परत दिली, बोटं दिली नाहीत. डॉक्टर मुल्लांनी स्पष्ट सांगितलं, "जुना नकाशा त्या सोमवारी मिळाला असता, तर हात वाचले असते." खोलीत आम्ही चौघं होतो. आप्पांनी फक्त मान हलवली, हिशेब पटला म्हणून हलवतात तशी.

त्यानंतर दिवाळीच्या सुमारास पुण्याहून सायबर शाखेच्या एक अधिकारी घरी आल्या. चोरांच्या टोळ्या आपसात कुठे हल्ला करावा याची देवाणघेवाण करतात. त्यातला एक मजकूर पोलिसांच्या हाती लागला होता. तो दाखवायला त्या मुद्दाम आल्या होत्या. त्यात प्रांतवार सूचना होत्या. महाराष्ट्रापुढे लिहिलं होतं: 'रुग्णांची यंत्रं वगळा. हे लोक देत नाहीत.'

आप्पांनी तो मजकूर तन्मयकडून वाचून घेतला. मग पुन्हा वाचून घेतला. मग म्हणाले, "बाईंना चहा ठेव," आणि आत कपडे बदलायला गेले. पाहुणे आले की बनियनवर बसायचं नाही, ही त्यांची शिस्त. बराच वेळ बाहेर आले नाहीत म्हणून मी आत गेले. आरशासमोर ते धुतलेला पांढरा शर्ट घालून उभे होते. वरच्या बटणाशी बोटं झटत होती, निसटत होती, परत झटत होती.

मी दारात आहे हे त्यांना आरशात दिसलं. त्यांनी हात खाली सोडले आणि माझ्याकडे वळून छाती पुढे काढली.

"वकीलबाई, केस हरलात ना? मग लावा बटणं."

मी एकेक करून लावली. खालून वरपर्यंत, सगळी.